न चमकणारं घड्याळ

“उन्हात धरलं तरी बिलकुल चमकणार न्हाई,” जालन्याच्या दुकानदारानं छातीठोक सांगितलं आणि भागवतनं नव्या फॅशनप्रमाणे वडिलांच्या जुन्या स्टीलच्या घड्याळाला पट्ट्यासकट काळं कोटिंग मारून आणलं. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेल्या वडिलांनी, कारभारी दादांनी, ते मनगटावर चढवलं आणि अंगठ्याला बोट जुळवून झकासची खूण केली. आई, सगुणाबाई, हिनं मात्र ते मनगट उजेडाकडं वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळीच शेतात गेलेल्या कारभारींसाठी भाकरी घेऊन मायलेक तिकडं गेले. तूर डोक्याच्या वर गेलेली. सगुणाबाई बांधावर उभी राहून नुसती इकडं तिकडं बघत राहिली.

“आये, काय बघून राह्यली? हाक मार की.”

“हाक मारीन रे, पण ते ओ कशी देतेल? रोज घड्याळ उन्हात फिरवायचे. चमकलं का म्या बराबर तिथं जायची.”

“मंग काल बोलली का न्हाईस?”

“एवढ्या हौसेनं आणलं तू.”

हातातली भाकरी बांधावर ठेवून भागवत तुरीत घुसला. “दादा! ओ दादा!” करत, फांद्या सारत शोधत राहिला. कारभारी सापडले ते पार नाल्याच्या कडेला. घोटा सुजून टम्म झालेला, ओठ कोरडे पडलेले आणि वर केलेलं मनगट सूर्यासमोर अजून फिरतंय.

भागवत दिसताच त्यांनी हात घाईनं खाली घेतला, घड्याळावरची माती सदऱ्याला पुसली आणि पुन्हा तीच झकासची खूण केली.