चौथं पाऊल

निखाऱ्यांच्या पट्ट्यावर राख पसरता पसरता भट्टीवाल्याने चौथ्या पावलाशी हात आखडता घेतला. बाकी पट्ट्यावर दोन बोटं राख, तिथे मात्र नुसती वरवर भुरभुरवलेली. खाली निखारे लालबुंद. बावीस वर्षं पावाची भट्टी सांभाळलेला माणूस तो. कुठे पाय टिकेल आणि कुठे कातडी सोलवटेल, हे त्याला बरोबर कळत होतं.

त्याच्या पोटात दुखत होतं ते मेहुण्यावरून. बायकोच्या शब्दाखातर त्यानेच त्याला बेकरीत चिकटवलं, पीठ मळण्यापासून शिकवलं. आणि आता मालकाच्या तोंडी उठता बसता मेहुण्याचंच नाव, आता बोला! नव्या शाखेचा कारभारी नेमायचा होता. मालकाला आत्मविश्वासाचं खूळ लागलेलं, ते शिकवणारे एक सर आणलेले. जो न कचरता निखाऱ्यांवरून चालेल, शाखा त्याची. आग अंथरायचं काम अर्थातच भट्टीवाल्याच्या गळ्यात आलं. स्वतःच्या पाळीला तो चौथी ढांग लांब टाकणार होता.

पहिली पाळी मेहुण्याची. भीती वाटते का, असं सरांनी विचारलं. त्याने पट्ट्यावरून नजर फिरवली, मग भट्टीवाल्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"दाजींनी अंथरलंय. मी असाच जातो."

त्याने पाय उचलला. भट्टीवाला झटकन आडवा आला.

"थांब. आधी मी."

राख सारखी करायला फावडं मागावं तर पितळ उघडं पडणार. लांब ढांग टाकून पार व्हावं तर मेहुणा डोळे मिटून मागून येणारच. त्याने चौथं पाऊल नेमकं तिथेच ठेवलं.

तो कळवळून बाजूला कोसळला. चालणं तिथल्या तिथे बंद झालं. मनात शंका असली की असंच होतं, असं सरांनी सगळ्यांना समजावलं. मालकाने मान डोलावली आणि डोळे मिटून निघालेल्या मेहुण्याला शाखा देऊन टाकली.

मेहुणा त्याचा पाय मांडीवर घेऊन नळाचं पाणी सोडत बसला. भट्टीवाल्याला त्याच्याकडे बघवेना. राख जरा कमी पडली तिथे, असं तो पुटपुटला.

"दिसलं होतं मला," मेहुणा म्हणाला. "तुम्ही हाक माराल याची खात्री होती दाजी. पाय ठेवाल असं नव्हतं वाटलं."