गाढ झोप

डॉक्टर बाबांची नाडी पाहून नकारार्थी मान हलवून निघून गेले. ऋजुतानं बाबांच्या मनगटावरचा पट्टा काढून त्याचं बटण दाबलं. तिचा मोबाइल वाजला नाही.

पट्टा तिनंच बनवला होता. चक्कर आली की बाबांनी बटण दाबायचं आणि तिला कळायचं. पण “रोज कुठं चार्ज करत बसू गं?” म्हणून ते कुरकुरले, तेव्हा तिनं आतल्या प्रोसेसरला नियम घालून दिला: बराच वेळ काम येणार नाही असं वाटलं, तर गाढ झोपायचं. बॅटरी आठवडाभर पुरू लागली. त्या झोपेतून बटण त्याला उठवतं का, हे तपासायचं मात्र राहून गेलं.

“बाबांना दाबायचं सुचलंच नसेल गं, ताई,” धाकटा भाऊ म्हणाला.

तिनं बाबांचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्यावर बटणाची गोल खूण खोल उमटली होती.