भिंतीकडं तोंड

गॅलरीच्या पन्नाशीच्या प्रदर्शनात सगुणाबाईंचं चित्र लागलं होतं खरं, पण भिंतीकडं तोंड करून.

समोर दिसत होती कॅनव्हासची पाठ आणि तिच्यावर कोळशानं काढलेला बैल. इथली रीतच होती, आपलं पहिलं प्रदर्शन मांडणाऱ्यानं एक चित्र गॅलरीला देऊन जायचं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ते देताना सगुणाबाईंनीच पाहायला आलेल्या थोर चित्रकाराला गळ घातली होती, "गुरुजी, आशीर्वाद म्हणून पाठीवर काहीतरी काढा की!" पुढं गुरुजी गेले, त्यांच्या रेघेरेघेला सोन्याचं मोल आलं. खालच्या पाटीवर नाव त्यांचं एकट्याचंच होतं.

"पोरी, एकदा उलटं कर गं," गॅलरी सांभाळणाऱ्या मुलीला सगुणाबाई म्हणाल्या. "पुढं माझी आई आहे. तिचा फोटोसुद्धा नाही कुणाकडं. चेहरा विसरायला लागलेय मी."

मुलगी ओशाळली. "काकू, पुढचे रंग सुटायला लागले होते. बैल जपायचा म्हणून ती बाजू फळीला चिकटवून टाकली. आता ते निघायचं नाही. पण बघा ना, केवढी गर्दी आहे तुमच्या चित्रासमोर!"

सगुणाबाई जवळ सरकल्या. कडेला दुमडलेल्या कॅनव्हासवर आईच्या लुगड्याचा बोटभर हिरवा काठ उरला होता. जत्रेत हरवायच्या भीतीनं लेकरू धरतं, तसा त्यांनी तो दोन बोटांत धरला.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "हात नका लावू."