पहिला वास मालकाचा

"मी आज मुद्दाम अत्तर लावून आलेय," नणंद वहिनीच्या कानाशी कुरकुरली, "आणि दादानं मला अजून हाकललं नाही."

वहिनीनं तिला कोपरानं ढोसलं. तळघरात कुजबुजसुद्धा दगडी भिंतींवर आपटून परत येते.

जुनी वाइन उघडायच्या दिवशी या घरात वासांना संचारबंदीच असे. कांदा परतायचा नाही, कॉफी उकळायची नाही, वासाचा साबण लावायचा नाही. एकदा तर दाढीनंतर लोशन लावलं म्हणून दादांनी जावयाला अंगणात उभं केलं होतं आणि त्या बिचाऱ्यानं आपला ग्लास खिडकीतून घेतला होता. आज बहीण अत्तराचा दरवळ घेऊन गळ्यात पडली, तर दादा नुसते हसले होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला, आणि जाताना तो नाकही घेऊन गेला. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूध करपून धूर झाला तरी दादा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. मग कोणीतरी उठून खिडकी उघडत असे. तोंड मात्र कोणी उघडत नसे.

उद्या लिलाव होता. दादांनी जन्मभर जमवलेल्या बाटल्या विकायला निघाल्या होत्या. त्यातल्या सगळ्यांत जुन्या पेटीसाठी दोन ग्राहक लांबून आले होते, एक टकले आणि एक मफलरवाले. अशा पेटीतली एक बाटली आदल्या दिवशी खात्रीसाठी उघडतात. सगळ्यांची बुचं एकाच खेपेची, त्यामुळे एकीचं बिघडून वाइन कुबट झाली असली तर बाकीच्यांचा काय भरवसा. पहिला वास मालकानं घ्यायचा. तो जे म्हणेल तेच उद्या भरल्या हॉलमध्ये पुकारलं जाणार. आणि दादांनी चांगली म्हटलेली वाइन आजवर कधी वाईट निघाली नव्हती. लोक लेबल मागाहून वाचत. आधी विचारत, दादांनी वास घेतलाय ना?

लिलाव पुकारणाऱ्या बाईंनी दोन पातळ पात्यांच्या चिमट्यानं बूच हळूहळू वर आणलं. ते नाकाशी नेलं आणि त्यांचा हात जरा तिथंच अडकला. मग त्यांनी बूच बशीत ठेवलं. वहिनीनं नेहमीसारखी बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरली, आणि त्या उजेडात गाळ मानेशी येताना दिसताच बाई ओतायच्या थांबल्या.

दादांनी ग्लास तिरका केला, गोल फिरवला, डोळे मिटले. अगदी पूर्वीसारखं, झोकात. वहिनीला काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला उत्सुकताच जास्त होती. आता हे करणार तरी काय?

"ओली माती," दादा म्हणाले. "जुनं चामडं. आणि मागाहून वाळलेली चेरी."

वहिनीनं ओळखलं. या पेटीतली पहिली बाटली उघडली तेव्हा ती दोघं तरुण होती, आणि पुढं कितीतरी दिवस दादा जेवताना कौतुकानं हेच घोकत होते. शब्द तेच होते. क्रमसुद्धा तोच.

चामडं आहे खरं, असं मफलरवाले ग्लास हुंगून म्हणाले. नाक मात्र त्यांनी बंद ट्रंक उघडल्यासारखं मुरडलं होतं. टकल्यांनी चेरी जरा उशिरा येते असं मत दिलं. ती यायची वाट बघत दोघं माना हलवत राहिले. बाईंनी अगदी हलक्या आवाजात सुचवून पाहिलं की उजेड कमी आहे, दुसरी एक उघडून बघायची का? नाकाला कशाला उजेड लागतो, म्हणत दादांनी ते उडवून लावलं. उद्या हेच पुकारा म्हणाले.

ग्लास नणंदेकडे आला. तिनं वास घेतला, आणि पटकन अत्तर लावलेलं मनगट नाकाशी धरलं. ग्लास तिनं घाईघाईनं वहिनीकडे सरकवला.

वहिनीच्या हातात नेहमी मेणबत्ती असायची, ग्लास कधीच नाही. तिनं नाक आत घातलं. भिजून कोपऱ्यात कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास. चेरीच्या आशेनं तिनं पुन्हा एकदा हुंगलं. पुठ्ठाच.

उद्या हॉलमध्ये चेरी पुकारली जाईल. मग कधीतरी, कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर, याच पेटीतली दुसरी बाटली उघडेल आणि पुठ्ठा निघेल. नाक जाणं हे दुखणं होतं, त्याला कोणी हसलं नसतं. शब्दाची पत गेली असती तर ती नाचक्की झाली असती, आणि ती दादांना सोसली नसती. वहिनीनं बाईंकडे पाहिलं. बाई स्वतःचे बूट बघत होत्या.

"अहो," ती म्हणाली, "पुन्हा एकदा बघता का?"

तिनं ग्लास पुढं केला. दादांनी तो घेतला, पण नाकाशी नेला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं, तर ती छत न्याहाळत होती. मफलरवाल्यांची मान हलायची थांबली.

दादांनी ग्लास परत तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली.

"मला गेल्या हिवाळ्यापासून कशाचाच वास येत नाही," ते म्हणाले. बाईंना नाही, तिलाच. "तू सांग. कसला येतोय?"