नुसतं हाव

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. लोणारजवळच्या एका गावात निवडणूक आहे. शलमोनआजोबांच्या घरी दर रविवारी प्रार्थना होते, तिथेच उमेदवार आपली माणसं घेऊन बसला आहे. त्याने भंडाऱ्याची पुडी पुढे केली.

"उचला, बाबा. मत मलेच देता म्हणून शपथ घ्या. नाहीतर रविवारची प्रार्थना बंद."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, भाऊ."

"मंग बायबलवर हात ठेवा."

"त्याच्यावरही नाही. आमचं हाव म्हणजे हाव, नाही म्हणजे नाही."

उमेदवार हसला. "मंग नुसतं हाव म्हणा."

आजोबांना खोटं बोलवेना आणि नाही म्हणायचा धीरही होईना.

त्यांची नात सलोमी उठली. दाराशी जाऊन तिने पाहुण्यांच्या चपला, एकेक जोड, रस्त्याकडे तोंड करून लावून ठेवल्या.