खांबामागची जागा

शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातील चाचणीकक्षात, मिस्त्रींनी हिरव्या बटणाकडे हात नेला आणि चारही कामगार न सांगता सिमेंटच्या खांबामागे गेले.

हा नियम अठरा वर्षांचा होता. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या अशाच एका ड्राइव्हमधील, वीज साठवणारा कपॅसिटर तेव्हा शॉर्ट झाला. त्याच्या जोडीच्या दुसऱ्या कपॅसिटरवर विजेचा दुप्पट दाब आला, तो फुटला आणि त्याच्या झाकणाने मिस्त्रींची डावी भुवई नेली. ती पुन्हा उगवली नाही. तेव्हापासून पहिल्यांदा वीज देताना समोर एकच माणूस, बाकीचे खांबामागे. आणि तो एक माणूस म्हणजे मिस्त्री.

आज खांबामागे जायला फक्त त्यांची मुलगी तयार नव्हती. ती इंजिनिअर होती. जोडीतील एकाने मान टाकताच, दुसरा फुटण्यापूर्वी वीज तोडणारे सर्किट तिने सात महिने खपून जुळवले होते. आज एका कपॅसिटरवर तांब्याची पट्टी लावून तिने तो मुद्दाम शॉर्ट केला होता. मिस्त्री हो म्हणाले, तर ते सर्किट प्रत्येक ड्राइव्हमध्ये बसणार होते. नाही म्हणाले, तर कपाटात.

“बाबा, आज बटण मी दाबते.”

“खांबामागे जा.”

“सर्किट माझं आहे!”

“आणि भुवई माझी होती.”

ती गेली. मिस्त्रींनी बटण दाबले. टक् असा आवाज झाला, लाल दिवा लागला, वीज तुटली. साठलेली वीज उतरेपर्यंत ते थांबले, मीटर लावून पाहिले, मग दुसऱ्या कपॅसिटरवरून बोट फिरवले. तो शाबूत होता.

“पुन्हा,” ते म्हणाले.

पट्टी या कपॅसिटरवरून त्या कपॅसिटरवर गेली. कधी सैल बसली, कधी घट्ट. अकरा वेळा टक् झाले. अकराही वेळा मिस्त्री एवढेच म्हणाले, “पुन्हा.” मुलीचा चेहरा उतरत गेला.

“मिस्त्री, हा खांब आता आमच्या पाठी ओळखायला लागलाय,” मोटारींच्या तारा गुंडाळणारा वाइंडर कुरकुरला.

बाराव्या वेळी मिस्त्रींनी हात बटणापर्यंत नेला आणि मागे घेतला. ते सावकाश चालत खांबामागे आले. “जरा सरक,” ते वाइंडरला म्हणाले आणि त्याच्या शेजारी अंग चोरून उभे राहिले. कोणालाच काही कळेना.

मग ते मुलीकडे वळले.

“नियम तोच आहे. समोर एकच माणूस. जा, दाब.”