मंडळातली धाकटी

कलेला वय नसतं, असं जर्मनीतल्या आमच्या एसेन शहराच्या कोरियन ढोल मंडळाच्या पाटीवर लिहिलेलं आहे. मात्र थोरल्यांना कॉफी धाकटीनंच द्यायची, हा मायदेशाचा रिवाज आहे आणि थोरल्यांना कॉफी नेमकी गाण्याच्या मध्यात लागते. त्यामुळे धाकट्या बुन-रेला इतक्या वर्षांत एकही गाणं शेवटपर्यंत वाजवता आलेलं नाही.

काल मंडळात नवीन बाई आल्या, केस काळेभोर. बुन-रेनं खुशीत ढोल पुढ्यात ओढला.

“आधी जन्मसाल सांगा बाई,” मंडळातल्या सर्वांत थोरल्या चुन-जाताईंनी विचारलं.

“एकोणीसशे बावन्न.”

बुन-रे त्रेपन्नची.

“ऊठ गं, धाकटे!”

बुन-रे गुडघ्यांवर हात टेकून उठली. “ताई, तुम्हाला साखर किती?”

नव्या ताईंना साखर चालत नाही.